जऊळक्याचं अर्धं भाषण

वकीलसाहेब, माझी नात सध्या दिल्लीला निर्वासितांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एका संस्थेत काम शिकायला गेली आहे. त्याला इंटर्नशिप म्हणतात. तिला स्वतःची खुर्ची आहे, गळ्यात ओळखपत्र आहे, आणि पीडितांशी कसं बोलावं याचं तिला म्हणे रीतसर प्रशिक्षण मिळालं. मी म्हटलं, हे काम मीही केलंय, वाशीमला, पिठाच्या गिरणीच्या माडीवर. तिला वाटलं, आजी थट्टा करते. मग तिला सगळं सांगायला बसले, आणि सांगता सांगता लक्षात आलं की यातलं निम्मं मी तुमच्याशी कधी बोललेच नाही. तुम्हाला जाऊन तर जमाना झाला.

गरिबांचे अर्ज-खटले चालवणाऱ्या तुमच्या समितीचं नाव मोठं होतं आणि जागा एवढीशी. खाली गिरणी सुरू झाली की वर टेबल थरथरायचं, दौत सरकत सरकत कडेला यायची आणि तुम्ही न बघता ती परत मागे ढकलायचात. अर्जांवर ज्वारीचं पीठ बसायचं. कचेरीतले बाबू म्हणे अर्ज हुंगून ओळखायचे की हा तुमचा. मी तेव्हा कॉलेजात, वादविवादाच्या ढाली जिंकून आलेली, रिठद गावातून इतकं शिकलेली पहिली पोरगी. वाचनालयातल्या बंगाली कादंबऱ्या मराठीतून वाचून संपवलेल्या, त्यामुळे आपल्याला बंगाल कळतो अशी माझी पक्की समजूत. तुम्ही विचारलंत, "काय येते तुले?" मी म्हटलं, "भाषण." तुम्ही दौत मागे ढकललीत आणि म्हणालात, "बरं. मंग तो माठ भरून ठेव."

पहिला अर्ज मी लिहिला तो मला अजून आठवतो. त्यात मानवतेच्या इतिहासाचं पान होतं आणि ते रक्तानं लिहिलेलं होतं. तुम्ही चष्मा वर केलात. "पोरी, हे रक्त पुसून टाक. रक्तावर सरकारी शिक्का उठत नाई." मी भांडले. अन्याय असा मिळमिळीत कसा सांगायचा, असं गिरणीच्या वर आवाज काढून ओरडले. तेवढ्यात खाली गिरणी बंद पडली आणि माझं शेवटचं वाक्य दळणाला आलेल्या सगळ्या बायांनी ऐकलं. "कोन मेलं वं?" एकीनं खालून विचारलं. तुम्ही खिडकीतून सांगितलंत, "कोनी नाई मेलं, अर्ज लिहून राह्यलो."

एकाहत्तरच्या लढाईनंतरचा हिवाळा. पूर्व बंगालातून कधीचीच उठून आलेली आणि छावणीत वर्षं काढलेली काही कुटुंबं छावणीला कंटाळून रेल्वेत बसली. तिकीट नाही म्हणून त्यांना जऊळक्याला उतरवलं. स्टेशनाजवळ कापसातली सरकी काढायची एक बंद पडलेली जीन होती, तिच्या शेडमध्ये त्यांनी चुली मांडल्या. पोलिसांना त्यांना परत छावणीच्या गाडीत घालायचं होतं. तुम्हाला ती तिथंच राहायला हवी होती, निदान वरून काही हुकूम मिळेपर्यंत. मी एकदा विचारलं होतं, आपल्या माणसांचे खटले सोडून तुम्ही या परक्यांमागे कायले लागता? तुम्ही म्हणालात, "आपल्याले पिढ्यान् पिढ्या गावाबायर ठेवलं. गावातून काढलेला मानूस आपल्याले वळखू नाई आला, तं दीक्षा घेऊन काय कमावलं?" तेवढंच. मी यावर तासभर बोलले असते. तुम्ही पुढचा कागद ओढलात.

मला तुम्ही त्या शेडमध्ये पाठवलंत. नियम एकच: पाणी भर, बस, ऐक, बोलू नको. ज्याचं दुखते त्याले बोलू दे. मी पहिल्याच दिवशी नियम मोडला. कादंबऱ्यांतून वेचलेली सगळी बंगाली एका दमात म्हणून टाकली. समोरचा म्हातारा, त्यांच्यातला सगळ्यात वडीलधारा, शांतपणे ऐकत राहिला आणि मग छावणीत शिकलेल्या हिंदीत म्हणाला, "दीदी, हिंदी में बोलिए ना. हमको मराठी नहीं आता."

गावाची अडचण मासे ही होती. ही माणसं तलावावर जायची, कापडानं मासे धरायची आणि आनंदानं खायची. सरपंचाची आई, आख्ख्या जऊळक्यात जिला कुणी उलटून बोलत नसे अशी बुढी, ती विरोधकांची म्होरकी. मला भर रस्त्यात अडवून म्हणाली, "काय वं, हे तुहे पाहुने आमचा तलाव पेऊन टाकतीन एखाद्या दिवशी." मी म्हटलं, आजी, तुमच्या घरी दर बाजाराच्या दिवशी बोकड शिजतो. "बोकड पान्यात राह्यते का?" तिनं विचारलं. वादविवादाच्या सगळ्या ढाली घरीच राहिल्या.

नायब तहसीलदार चौकशीला आले तो दिवस. गावाची हरकत असेल तर संध्याकाळच्या गाडीनं सगळ्यांची रवानगी, नसेल तर पुढे बघू, असं ठरलेलं. तुम्ही वाशीमहून सकाळच्या गाडीनं येणार होतात. "मी येईपर्यंत त्याईले चहा पाज," एवढंच तुमचं सांगणं. गाडी लेट. चहा संपला. शाळेच्या ओट्यापुढे सगळं गाव जमलेलं. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, ज्यांची हरकत असेल त्यांनी हात वर करा. मला दिसतंय, अजूनही दिसतंय, एकेक हात वर जातोय, कोतवालाचासुद्धा. आणि मी ओट्यावर उभी आहे. कशी चढले माहीत नाही.

मी बोलले, वकीलसाहेब. चांगलं बोलले. देशाच्या रेघा कोण आखतं इथून सुरू केलं. ज्यांना आपण आज गाडीत कोंबतोय त्यांच्या जागी उद्या आपण असू, असं म्हणाले, आणि हात खाली यायला लागले. खरंच यायला लागले. एक सरपंचाचा, एक शिंप्याचा. मी श्वास घेतला, आता मुख्य मुद्दा, आणि तेवढ्यात गर्दीच्या मागून आवाज आला. उलुलुलुलु! बायांचा, उंच, जीभ हलवून काढलेला. एकदा, दोनदा, मग कितीतरी. त्यावर कोणीतरी शंखही फुंकला.

मी समजले, माझी हुर्यो उडवली. कॉलेजात ते सोसायची सवय होती. मी शेवटच्या रांगेकडे बोट केलं आणि कडाडले, "लाज नाही वाटत? एका मुलीचं भाषण ऐकवत नाही तुम्हाला?" बोटासमोर नेमका कोतवाल होता. तो बिचारा पायताण हातात घेऊन पळायच्या तयारीत. कारण गाव काही वेगळंच समजलं होतं. आपल्याकडे अशी बोंब उठते ती आग लागली तर, नाही तर चोर शिरले तर. "जीनमंदी आग लागली!" कुणीतरी ओरडलं, आणि आख्खी सभा उठली. काठ्या, घागरी, बादल्या, एकानं तर शाळेचा पाण्याचा पिंपच उचलला. ज्यांचे हात आत्ता वर होते तेच सगळ्यात पुढे. नायब तहसीलदार एका हातानं टोपी धरून धावतायत. ओट्यावर मी एकटी, मुख्य मुद्द्यासह.

मीही धावले. शेडपाशी पोचले तर आग नाही, धूर नाही. दारात तो म्हातारा हात जोडून उभा, मागे त्यांच्या बाया भिंतीला चिकटलेल्या, आणि समोर काठ्या घेतलेलं गाव. त्यांनी असं गाव आधी एकदा पाहिलं होतं, त्यांच्या स्वतःच्या घरासमोर. आतून एक बारीकसं रडणं आलं.

बुढीनं कोपरानं वाट काढली आणि म्हाताऱ्याला बाजूला सारून आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. आली ती पदर खोचून. "पोरगी झाली," ती म्हणाली. "आन् त्या बाया वरडून राह्यल्या ते खुशीनं. त्याईच्यात तसं करतेत. पोरीसाठी वरडून राह्यल्या पाहा, नाई तं तुमी लेक झाला तरी पेढे मोजता." मग साहेबांकडे वळून: "संध्याकाळच्या गाडीत कोनाले बसवता तुमी?"

"आजी, शासनाचा आदेश..."

"सव्वा महिना बाळंतीन हालत नाई. तुह्या शासनाले माय हाये का नाई?"

साहेब म्हणाले, एका बाईला ठेवू, बाकीचे जाऊ द्या. बुढी म्हणाली, "तिले शेक कोन देईन, तू? तिचा नवरा, सासू, जावा, सबन इथंच राह्यतीन. बाळंतिनीले येशीबायर काढलं तं गावाले काय लागते ते तुले ठाऊक नाई, तू शयराचा." गावानं माना डोलावल्या. माझ्या भाषणानं दोन हात खाली आले होते. तिनं सगळे आणले.

आणि तेव्हा तुम्ही आलात. स्टेशनावरून चालत, काखेत पिशवी, चष्म्यावर धूळ. बादल्या, काठ्या, पिंप, साहेबांची तिरपी टोपी, सगळं बघितलंत. "सभा इकडं काहून भरली?" म्हणालात. कुणीतरी सांगितलं. तुम्ही उकिडवे बसलात आणि गुडघ्यावर कागद ठेवून लिहायला लागलात: बाळंतिणीच्या कारणास्तव गावाची हरकत नाही. सरपंचानं सही केली. त्यात एकही विशेषण नव्हतं. सव्वा महिन्यात तुम्ही वरून मुक्कामाचा हुकूम आणलात, आणि सव्वा महिना पुरा झाला तेव्हा बुढीनं त्या बाळंतिणीला शेवया-गूळ आणि पोरीला टोपडं नेलं. परत येताना तिच्या पदरात मासे होते. सुनेसाठी, म्हणाली.

शब्दानं माणूस हलतो यावर माझा तेव्हाही विश्वास होता, आजही आहे. त्यावरच मी आयुष्य काढलं, मैदानं भरवली, मंत्र्यांना घाम फोडला. फक्त तेव्हापासून बोलायच्या आधी समोर कोण उभं आहे ते बघते, आणि कधीकधी बोलतच नाही. नातीला मी हेच सांगितलं. ती म्हणाली, आजी, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलंय.

हे पत्र मी कुठे टाकणार? वाचून झालं की कपाटात ठेवीन. पण एक गोष्ट लिहूनच ठेवते, कारण नातीला सांगायची लाज वाटली. त्या दिवशी तुमच्या गाडीची शिटी मी ओट्यावर बोलत असतानाच ऐकली होती, आणि स्टेशनातून जीनकडे यायच्या वाटेवरच शाळा लागते. तुम्ही कुंपणाशी ऐकत थांबला असाल का, याचा मी अजूनही विचार करते. पोरगी सुखरूप जन्मली, माणसं राहिली, सगळं बरं झालं. तरी या वयात मला तुम्हाला एवढंच विचारायचं आहे: साहेब, सुरुवात बरी झाली होती ना?