मॉरिशसहून आलेला उतारू

गिरगाव, मुंबई
जुलै १९५६

ती. सौ. दुर्गावन्सं यांस,

सुमतीचा नमस्कार (हात कणकेचे आहेत, म्हणून लांबूनच). इकडे सगळं ठीक. मामंजींचा मोतीबिंदू पिकत चाललाय. तुमच्या धाकट्या बंधूंचा घसा जानेवारीत बसला तो अजून उठलेला नाही (गॅलरीत उभं राहून 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ओरडायचं आणि पोलिसांची गाडी दिसली की 'भाजीवाला आला का बघतोय' म्हणायचं, अशानं घशाचं काय होणार?). दादासाहेबांचा गुडघा कसा आहे? तिकडे पाऊस धरला का? पत्राला उशीर झाला त्याची क्षमा असावी. काय लिहावं आणि किती, तेच ठरत नव्हतं.

जानेवारीतल्या संचारबंदीची ही गोष्ट. हे आदल्या दिवशी दादरला मित्राकडे कॅरम खेळायला गेले आणि गोळीबार सुरू झाल्यावर तिथेच अडकले. घरात मी आणि जेवून झोपलेले मामंजी. वन्सं, गिरगाव इतकं गप्प झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. भरदुपारी ट्रामच्या रुळांवर कावळे चालत होते, फुटलेल्या काचा उन्हात चमकत होत्या. अशात जिन्यावर पावलं वाजली आणि दारात एक गृहस्थ उभे राहिले. तिशीचे असावेत. गळ्यापर्यंत बटणं लावलेला डगला, धोतर, काखेत वळकटी. बाहेर माणूस दिसला की पोलीस हटकत होते, आणि हे गृहस्थ बंदरापासून चालत आले म्हणाले.

"गंगाधरपंतांचं बिऱ्हाड हेच ना? मी मॉरिशसास पोचलो, एवढं घरात कळवायला आलो."

आता गंगाधरपंत म्हणजे मामंजींचे आजोबा, हे तुम्हाला मी काय सांगावं! पण दादासाहेबांना वाचून दाखवाल, म्हणून लिहिते. राणीच्या राज्यात ते बापाशी भांडून, भरल्या ताटावरून उठून मॉरिशसच्या जहाजावर चढले. पोचल्याचं पत्र काही आलं नाही. जहाज बुडालं असं कुणीतरी सांगितलं आणि घरच्यांनी दर्भाची बाहुली करून तिला अग्नी दिला. त्यांच्या बायकोनं, आनंदीआजींनी मात्र कुंकू पुसू दिलं नाही. 'ते पोचलेत' एवढंच म्हणायच्या. लोकांनी त्यांना वेडी ठरवून माजघराच्या कोपऱ्यात बसवलं, ते मरेपर्यंत.

तर मला वाटलं, हा त्यांचा तिकडचा कुणी पणतू असणार. तिकडच्या मराठीत 'मी' आणि 'ते' यांची गल्लत होत असेल, असं समजून मी सोडून दिलं (बडोद्याला जाऊन तुम्ही नाही का खिडकीला 'बारी' म्हणायला लागलात?). पायांवर पाणी घातलं. डाव्या पायाची दोन बोटं एकमेकांना जुळलेली होती, म्हणून पाय नीट पाहिले. सरळ होते. हे आधीच सांगते, कारण सगळे मला तेच विचारतात.

संचारबंदीत वाढणार काय? कुळथाचं पिठलं आणि भात. ते मीठसुद्धा घेईनात. "अळणीच असू द्या. मीठ पुष्कळ झालं," म्हणाले. जेवताना त्यांनी विचारलं, सध्या राज्य कुणाचं? मी म्हटलं, तेच ठरायचंय, म्हणून तर बाहेर पडायची बंदी आहे. हात धुऊन, वळकटी उचलून ते जिना उतरले. मी गॅलरीत धावले तर वाडीत कुणीच नव्हतं. तळमजल्यावरच्या चंपाबाई, ज्यांच्या नजरेतून मांजरसुद्धा सुटत नाही, त्यांनी कुणाला येताना पाहिलं नाही आणि जाताना तर नाहीच. मामंजी जागे होऊन म्हणाले, "सूनबाई, घरात समुद्राचा वास कसा येतोय?"

आणि ओटीवर ओल्या पावलांचे पांढरे डाग! वन्सं, मी चिंच लावली, राख लावली, सोडा लावला. पुसलं की जातात, वाळलं की उठतात. मिठाचेच आहेत. मी जिभेला लावून पाहिलं (हे मामंजींना कळवू नये).

हे आगबोट कंपनीतच कामाला असल्यामुळे बंदरात उतरलेल्या उतारूंच्या याद्या त्यांनी उलथ्यापालथ्या केल्या. त्या आठवड्यात मॉरिशसहून बोटच आली नव्हती. ह्यांनी निष्कर्ष काढला की मला उपासानं भास झाला. मी विचारलं, मग पिठलं कुणी खाल्लं? तेव्हा चिडून त्यांनी मॉरिशसातल्या पोर्ट लुईच्या एजंटाला पत्र टाकलं, की तिथल्या जुन्या नोंदीत गंगाधर नावाचा कुणी आहे का पाहा.

उत्तर गेल्या आठवड्यात आलं. नोंद सापडली. गंगाधर, राहणार गिरगाव मुंबई, वय एकतीस, जहाजातून सुखरूप उतरला. खूण : डाव्या पायाची दोन बोटं जुळलेली. खाली एजंटानं लिहिलं होतं की हा माणूस पुढे म्हातारा होऊन वारला.

ह्यांच्या हातातला कप खाली आला तो बशीत न बसता मांडीवर बसला. बोटांचं मी ह्यांना आधीच सांगितलं होतं, आणि एजंटाला लिहिताना त्यांनी ते मुद्दाम कळवलं नव्हतं.

मामंजी उठले. भिंत चाचपत आत गेले, आनंदीआजींचा फोटो काढून आणला आणि मला म्हणाले, "हिला कुंकू लाव. मला दिसत नाही, माझा हात चुकेल." लावलं. मग म्हणाले, "लोक वेडी म्हणायचे तिला. मीही म्हणायचो." आणि लहान मुलासारखे रडले. शुक्रवारी त्यांनी चाळीतल्या सगळ्या सवाष्णींना आजींच्या नावानं हळदीकुंकवाला बोलावलं. मेलेल्या बाईचं कसलं हळदीकुंकू म्हणून कुजबुज झाली, पण खिरापतीला सगळ्या आल्या. चंपाबाई दोनदा.

असो. भीती अशी वाटत नाही. माणूस सभ्य होता, पानात शीत टाकलं नाही. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची
सुमती

ता. क. : एक गोष्ट ह्यांनाही सांगितलेली नाही. जेवताना त्या पाहुण्यांनी विचारलं होतं, "आनंदी कुठे असते?" मला वाटलं, तुमच्या धाकट्या लेकीबद्दलच विचारताहेत. मी म्हटलं, ती बडोद्याला असते, आणि सगळा पत्ता सांगितला, देवळाजवळचं वळणसुद्धा.

दुसरा ता. क. : तेव्हा दार वाजलं तर चि. आनंदीला उघडायला पाठवू नका. तुम्ही स्वतः जा, त्यांना बसवा, आणि आजी आता नाहीत हे जरा बेतानं सांगा. माझ्यानं झालं नसतं.