अंगणाखालचा हौद

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
९ सप्टेंबर २०२५

ती. शंतनूदादा,
नमस्कार.

आईचा गुडघा बरा आहे. नळाला परवा एकदाचं पाणी आलं. महालक्ष्म्यांचा फराळ तुम्हाला प्रवासात पुरला असेल. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र.

तुम्ही गेल्यावर मी हौदाचं झाकण उघडलं. जळक्या ऑइलचा वास अजून नाकातून जात नाही. बाबांनी वापरातून काढलेल्या त्या हौदातल्या डासांवर माझी पीएचडी उभी होती, हे तुला ठाऊक होतं. पिढ्यानपिढ्या अंधारात राहून ते वरच्या डासांहून वेगळे झाले होते. हिवाळ्यातही थांबायचे नाहीत, पहिली अंडी रक्त न पिताच घालायचे. विद्यापीठात बरणीत नेले की मरायचे. पुढच्या आठवड्यात पुण्याहून परीक्षक ते बघायला येणार होते. आता त्यांना काय तेलाचा तवंग दाखवू?

सईला डेंगू झाला असता तर, म्हणून ऑइल ओतलं, असं तू म्हणालास. तुझ्या लेकीची काळजी तिच्या आत्यालाही आहे. डेंगूचा डास वेगळा, हे मी तुला सांगितलं होतं. झाकणाखालची दुहेरी जाळीही दाखवली होती.

तरीही मी मनाची समजूत घातली. महालक्ष्म्या बसायच्या म्हणजे माळ्यापासून मोरीपर्यंत घर धुतलं जातं, त्या धांदलीत झालं असेल. पण झाकणाला कुलूप होतं आणि किल्ली आईकडे.

काल तिला विचारलं. ती वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "मीच दिली. शंतनू म्हणला, हिची पदवी झाली की ही चालली पुण्याला. मग तुला कोण बघंल? आमचं घर तर लहान."

पाहुण्यांची खोली वर्षभर रिकामी ठेवण्याइतकं लहान.

तुझ्यावरचा माझा राग जुना आहे, त्याची मला सवय आहे. आईवर असा राग पहिल्यांदाच आला, आणि तरी आज सकाळी तिला चहा मीच करून दिला.

परीक्षकांना येऊ नका म्हणून कळवलं. पदवी गेली. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत हाताखालचं साधं काम मिळतंय, ते मी घेतलं आहे. रविवारी निघते. आईला न्यायला शनिवारी ये. तिला यातलं काही सांगितलेलं नाही. तू सांग, तुझं ती ऐकते.

सईला आशीर्वाद. फक्त तिला.

मृण्मयी