पेरॉक्साइड आणि प्रमुखपद

३ जानेवारी
सायन्सचे विभागप्रमुख रिटायर होतायत. खुर्ची माझी. दुसरं आहेच कोण? फिजिक्सच्या मॅडम. त्या लंबक हलवतात आणि मुलं डुलक्या काढतात. हेडसर म्हणाले, पालकांसमोर दोघांनी एकेक प्रयोग करा, मग ठरवू. त्यात ठरवायचं काय! तरी बिचारीला संधी द्यावी.

५ जानेवारी
प्रयोग ठरला. हायड्रोजन पेरॉक्साइडचं विघटन. साबणाचं पाणी, चमचाभर पोटॅशियम आयोडाइड, की फेसाचा खांब छताला! शिवाय उष्णता बाहेर पडते. लंबकातून काय बाहेर पडतं?

८ जानेवारी, रविवार
घरी बाथरूममध्ये रंगीत तालीम. झकास. मेव्हणा आला होता. उष्णता पटेना, म्हणून त्याचा तळवा फ्लास्कवर दाबून धरला. पटली. फोड आले. बायको बोलत नाहीये. विज्ञानाला घरातून पाठिंबा मिळतच नाही.

१० जानेवारी
उरलेलं पेरॉक्साइड तपकिरी बाटलीत आहे, खोकल्याच्या औषधासारखं. अशाने छाप कशी पडणार? मोठ्या पारदर्शक बाटलीत ओतून लॅबच्या खिडकीत ठेवलं. दुपारच्या उन्हात काय झळकतं! मॅडमना येता-जाता दिसलं पाहिजे.

१३ जानेवारी
दहावीला लॅबमध्ये लिहून दिलं: प्रकाशात पेरॉक्साइडचं आपोआप विघटन होतं, ऑक्सिजन निघून जातो, पाणी उरतं, म्हणून ते अंधारात ठेवावं. मुलगी माझ्याच वर्गात आहे. तिने उभं राहून खिडकीकडे बोट दाखवलं. विषय सोडून बोलू नये, असं सांगून तास संपेपर्यंत उभीच ठेवली. घरची म्हणून लाड नाहीत.

१६ जानेवारी
सकाळी बाटलीचं बूच जमिनीवर. परवाही तेच. शिपायाचा चावटपणा. दम दिला. बूच ठोकून बसवलं.

२० जानेवारी
पुन्हा बूच खाली! शिपायाची लेखी तक्रार. हात जोडून रडायला लागला. चोराच्या उलट्या बोंबा.
भाषण पाठ झालं. "पालकहो, जरा मागे सरका" इथे टाळ्या पडतील. थांबायचं.

२४ जानेवारी
झालं एकदाचं.
मॅडमचा लंबक हलला. पालकांनी उगाच प्रश्न विचारले. मग मी. पहिली रांग मागे सरकवली, सगळ्यांना रेनकोट घालायला लावले. आयोडाइड टाकलं. एक बुडबुडा आला. फार तर दीड. रेनकोटातले पालक बघत राहिले. निदान उष्णता तरी बघा म्हणालो आणि एका आजोबांना फ्लास्क धरायला दिला. गार आहे, बरं वाटतंय, म्हणाले. हेडसर म्हणाले, शांत प्रयोग होता.

२५ जानेवारी
कारण उघड आहे. शिपायाने बाटलीत पाणी भरलं. हेडसरांना तसं ठासून सांगितलं. त्याची लॅबमधून उचलबांगडी झाली. आता फाटकावर उभा असतो. मी जाताना नमस्कार करत नाही. मुलगी जेवली नाही. वयच तसलं.

२ फेब्रुवारी
प्रमुखपद मॅडमना. मला नकोच होतं. नसती डोकेदुखी. मेव्हण्याने खास फोन करून सांत्वन केलं. हसत होता.

९ फेब्रुवारी
मॅडमचा पहिला आदेश: केमिस्ट्रीचे प्रयोग यापुढे व्हिडिओवर. पडदा मी लावायचा, प्रोजेक्टर मी चालवायचा. म्हणजे टेक्निकल बाजू माझ्याशिवाय कोण सांभाळणार!
आज दहावीला नेमकं पेरॉक्साइडच. पडद्यावर कुणी एक हसरा माणूस. फेस छताला. वर्गात कडकडून टाळ्या. माझ्या तासाला टाळ्या! मी समोरच उभा होतो. मान लववून थँक यू म्हणालो.
जो हशा पिकला, तो मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या तरी थांबेना. मुलगी हसली नाही. उठून मॅडमकडे गेली आणि तुकडी बदलून मागितली. कारण त्यांनी विचारलंच नाही. पालकाची सही लागते, एवढंच म्हणाल्या.
केली.