फोंड्याच्या गुलाबाची दहा कलमं

१ डिसेंबर, रविवार
फोंडाघाटला सासुरवाडीला जाऊन आलो. मेव्हणा बाळा गाडीसाठी पोर्च बांधतोय, शिमग्यानंतर काम सुरू. पोर्च नेमका गुलाबावर! सासूबाईंनी लावलेला गावठी गुलाब, शालनपेक्षा वयाने मोठा. फिकट गुलाबी, पाकळ्याच पाकळ्या, आणि वास असा की फाटकातच कळतं.  शालन परतीच्या एस.टी.त आमचं कुणकेश्वर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. तेहेतीस वर्षांच्या संसारात बायको इतका वेळ गप्प बसलेली पाहिली नव्हती. उतरताना मीच बोलून बसलो, "दहा कलमां करून देतंय तुका. लिहून ठेव."
तिने नाही लिहिलं. म्हणून मी लिहितोय.

७ डिसेंबर
फोंड्याहून काड्या आणल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून. वाट वाकडी करून खारेपाटणच्या रोपवाटिकेतून कलमासाठी जंगली गुलाबाचे दहा खुंट घेतले, पिशव्यांत लावलेले. तिथला माणूस शालनला सुधारित जाती दाखवत होता. लाल, पिवळा, दुरंगी, वाटीएवढी फुलं. तिने एकेक हुंगलं. "वास खंय ठेवलंस रे ह्यांचो?"
तो मलाही शिकवायला आला. "काका, गावठीक कलम कित्याक? काडी खोचा, जगता."
म्हटलं, मी तीस वर्षं हापूसची कलमं बांधतोय. नुसती कोय जमिनीत खुपसून येतो तो रायवळ आंबा. आमच्याकडे तसलं काही चालत नाही.

८ डिसेंबर
दहा कलमं. सकाळी सात ते साडेदहा. काडीवरचा डोळा काढला, खुंटाला चीर, डोळा आत, वर पट्टी. हात जराही थरथरला नाही, हेही लिहून ठेवतो.
उरलेल्या काड्या मागीलदारी फेकल्या होत्या. शा.ने गोळा करून मिरचीच्या वाफ्याभोवती खोचल्या, कोंबड्या शिरू नयेत म्हणून. जुन्या हिरव्या साडीच्या चिंध्यांनी एकमेकींना बांधल्यासुद्धा. कुंपण बरं झालंय.

२२ डिसेंबर
दहाच्या दहा डोळे हिरवे!! बाळाला फोन करून सांगितलं. "भावोजी, तुमचो हात म्हंजे हात!" खरंच आहे ते.
शा. बघून म्हणाली, "आदी फुटांदेत." हिला कौतुक म्हणून करता येत नाही.

३ जानेवारी
तीन काळे पडले. थंडी असणार.

९ जानेवारी
आणखी चार. इथला वारा खारा.

१७ जानेवारी
संपले सगळे. पट्टी सोडून पाहिली. आंब्याला बांधतो तशीच करकचून बांधली होती. कोवळा डोळा, गुदमरला असणार. म्हणजे थंडी नाही, वारा नाही. मीच.
पिशव्या बागेतल्या मांगराच्या खोपटामागे ठेवल्या. शा. विचारत नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. पुन्हा फोंड्याला जाऊन काड्या मागायला तोंड नाही.

२७ जानेवारी
बाळाचा फोन. गवंडी लवकर मिळाला, त्यामुळे गुलाब काल काढला. काढला म्हणजे जेसीबीने. शा. मोरीवर भांडी घासत होती. हात थांबला नाही तिचा. "तुमची कलमां आसत मां?" एवढंच.
मी म्हटलं, आसत.
कशाला म्हटलं असं

१० फेब्रुवारी, सोमवार
शा. देवळात गेली होती. मिरच्या तोडायला वाफ्यात शिरलो आणि तिथेच फतकल मारून बसलो. कुंपणाला पालवी! तांबूस, कोवळी, लसलशीत. मोजल्या, अकरा काड्या. दोन महिने मिरचीचं पाणी पीत होत्या बेट्या! फोंड्याचा गुलाब जिवंत आहे. जिवंत आहे!! मोठ्याने ओरडलो, कोंबड्या पळाल्या.
पुढचं लिहायला लाज वाटते, पण केलं ते केलं. चार काड्या मातीच्या गोळ्यासकट उचलल्या, खुंट उपटून टाकले, काड्या माझ्या पिशव्यांत लावल्या. वाफ्यातल्या रिकाम्या जागी शेवग्याच्या काठ्या. शा. यायच्या आत हात धुऊन चहाही ठेवला. चहा ठेवलेला पाहून तिने जरा निरखून बघितलं.

२७ फेब्रुवारी
कुणकेश्वरच्या जत्रेला बाळा आलेला. पिशव्या ओट्यावर मांडून ठेवल्या होत्या, मुद्दाम. एकीला कळी. "मानलंय भावोजी तुमका!" शा. वाढत होती. म्हणाली, "ह्यांच्या हाताक यश आसा." चारचौघांत, तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा. मी मान खाली घालून भात कालवत राहिलो.

९ मार्च, रविवार
उमललं!
सकाळी शा.चीच हाक आली. तोच रंग, त्याच गच्च पाकळ्या, तोच वास. तिने फुलात नाक खुपसलं आणि डोळे मिटून उभी राहिली, किती वेळ. मी कपबशी धरून उभा. तिचे डोळे भरले, माझेही. मग ती खाली वाकली, बुंध्याशी बोट नेलं.
"कलमाक पट्टी बरी बांधल्यात. माझ्या साडयेची."
हिरवी चिंधी. सोडायचीच राहिली होती.
पायरीवर बसून पदर तोंडाला लावून हसली ती. "रोज पानी कोन घालता वाफ्याक? त्याच दिवशी कळला माका."
"मगे बोललंस कित्याक नाय गो?"
"तुमी कधी सांगतात, ता बघी होतंय."
मीही हसलो, दुसरं काय करणार! तीस वर्षांचा कलमवाला, आणि हरलो कोंबड्यांच्या कुंपणापुढे. पण इतकं बरं वाटलेली सकाळ आठवत नाही. फूल तिने देवाला नेलं नाही, केसात माळलं.

११ मार्च
बाळाचा फोन. पोर्च झाला, दोन बाजूंना दोन मोठ्या कुंड्या आणल्यात. "भावोजी, दोन कलमां घेवन येवा. तुमच्या हातचीच व्हयी. सगळ्यांका सांगून ठेवलंय." उद्या जातोय, शिमगा करूनच परत.
शा.ने वाफ्यातल्या दोन उचलून पिशव्यांत भरल्या. चिंध्या तशाच आहेत, बाळा बघताच विचारील.
"सोडू मां?" मी विचारलं.
"ता तुमी ठरवा," म्हणाली आणि मिरच्या तोडायला गेली.
पिशव्या ओट्यावर आहेत. गाडी सकाळी आठची.