शी ४ ता २

३ जून, सोमवार
शीतगृहाची डिस्क भरली. शुक्रवारी तपासणी. तीन वर्षांच्या तापमानाच्या नोंदी दाखवल्या की कॉम्प्युटर विभागाचा कायमचा प्रमुख मीच, असं साहेब म्हणालेत. म्हणजे झालोच. दहा खोल्या, दर मिनिटाला प्रत्येक खोलीची वेगळी फाइल, ही पद्धत माझी. लोकांच्या डोळ्यांत खुपते.

चष्मेवाली माझ्या हाताखाली आहे, वागते डोक्यावर बसल्यासारखी. म्हणाली, फाइलीत चार शब्द असले तरी डिस्क तिला चार केबीचा अख्खा ब्लॉक देते, उरलेली जागा फुकट जाते. महिन्याच्या नोंदी एकाच फाइलीत घाला. विचारलं होतं कुणी?

४ जून, सकाळी
उपाय सापडला. शब्द कमी करायचे. ‘शीतकक्ष ४, तापमान २ अंश’ याऐवजी ‘शी ४ ता २’. प्रोग्राम लावला. सगळ्या फाइली रोडावणार.

४ जून, संध्याकाळी
एक बाइटही मोकळा झाला नाही. डिस्क हलकट आहे. चष्मेवाली स्क्रीन बघून ‘शी’ म्हणाली. वाचत होती की बोलत होती, कळलं नाही.

५ जून
आजपासून चिडायचं नाही.
बायकोवर चिडलो. तिने विचारलं, ती बाई सांगते ते एकदा करून का बघत नाही? घरातही फितुरी.

६ जून
खरं दुखणं कळलं. ब्लॉकच लहान! लहान ब्लॉकमध्ये गर्दी होणारच. सगळ्याची नक्कल साहेबांच्या डिस्कवर ठेवली, आपली डिस्क पुसली, सर्वांत मोठा ब्लॉक निवडला: चौसष्ट केबी. चष्मेवाली काहीतरी ओरडत होती. दार लावून घेतलं.

७ जून, शुक्रवार, ११.४०
दोन महिन्यांच्या नोंदी चढल्या आणि डिस्क भरली. उरलेले चौतीस महिने बाहेर. तपासनीस चहा पितोय. डिस्क नकली असणार.

दुपारी
चष्मेवालीने साहेबांकडची नक्कल घेतली, महिन्याला एक अशा छत्तीस फाइली केल्या. सगळं मिळून एक जीबीसुद्धा नाही. तपासणी पास. तपासनीसाने फक्त ‘शी’ म्हणजे काय ते विचारलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

८ जून
प्रमुख ती. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं, इथे लिहायला हरकत नाही.
केबिन कधी रिकामी करता, असं तिने विचारलं. मी टोमणा मारला, एकट्या माणसाला एवढी मोठी जागा कशाला, असंच ना? ती म्हणाली, अगदी बरोबर, सोमवारपासून तेच तर समजावत होते.