माझ्या आवाजात

४ नोव्हेंबर
आले एकदाची बॉनी बेटावर! होडीत अंगावर खारं पाणी उडत होतं, पण मजा आली. खोली हवेशीर आहे. खिडकीतून खाडी दिसते आणि पलीकडे जळत्या वायूची ज्वाळा. समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर विजेचं काम करायचं, तर इथलं प्रशिक्षण घ्यावंच लागतं. त्यापायी माझ्यासारख्या लागोसच्या इंजिनिअरलाही कोळ्यांच्या पोरांशेजारी बसणं आलं. एकाला फेज कशाशी खातात ते ठाऊक नाही! तळलेली केळी मात्र झकास.

६ नोव्हेंबर
आमचे शिक्षक ओपुबो, सगळ्यांचे 'ओगा' म्हणजे साहेब, अगदी बालवाडीच्या बाई. आवारात प्लॅटफॉर्मची नक्कल उभारलीय. विजेच्या पॅनेलमागच्या पत्र्याच्या खोलीतलं काम संपलं की वीज सोडण्याआधी ते एकेकाचं नाव पुकारतात, आणि आपण बाहेर येऊन "बाहेर!" म्हणून ओरडायचं. मी नुसती मान हलवली. तर म्हणाले, "लागोसची जीभ महाग आहे वाटतं?" सगळे खिदळले. टवाळ कुठले.

९ नोव्हेंबर
दागोगो नावाचा एक बावळट आहे. म्हणतो, सकाळी मी त्याला धक्क्यावरून हाक मारली. मी तेव्हा न्हाणीत होते. "आंटी, आवाज तुमचाच. पण पाण्याखालून येत होता." डोक्यात मासळी भरलीय याच्या.

११ नोव्हेंबर
हजेरीला माझं नाव आलं, एनितान. मी तोंड उघडायच्या आत कुणीतरी "हजर" म्हणालं. हुबेहूब माझा आवाज. नकला करतात मेले. पण हसलं कुणीच नाही.

१२ नोव्हेंबर
ओगांनी बाजूला घेतलं. गेल्या वर्षी एका मुलीचा आवाज असाच "नेला" म्हणे. वीज सोडली तेव्हा ती आतच होती. "पोरी, घरी जा. निदान आत तरी शिरू नकोस." विजेच्या शिक्षकाने भुतं शिकवावीत! मी खो खो हसले.
हसू मला ऐकूच आलं नाही.

१३ नोव्हेंबर
घसा बसलाय. खारी हवा, दुसरं काय. ओगा माझ्यासाठी होडी ठरवायला गेलेत— मी जाणार नाही. बदली शिक्षकाला काही माहीत नाही. बरंच आहे. आज आत शिरून दाखवतेच या भित्र्यांना.

१३, दुपार
पॅनेलमागे. मुद्दाम इथेच बसून लिहितेय. बाकीचे काम उरकून गेले.
दार मागून लागलं. उघडत नाही. वारा असेल—
हाक निघत नाही. पत्रा ठोकतेय. बाहेर जनरेटर धडधडतोय, कुणाला ऐकू—
नावं पुकारतायत. दागोगो. "बाहेर!"
एनितान.
मी आत आहे, आत—
"बाहेर!" माझ्याच आवाजात. हसत. अरे मूर्खांनो, ती मी नाही, मी—