जागेवर फिरणारं स्टिअरिंग

बाबा,

काल मी नवी गाडी घेतली. बुलढाण्याच्या शोरूममध्ये ती उभी होती. तशीच उभी ठेवून मी स्टिअरिंग एका हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. मग पुन्हा एकदा, खास तुमच्यासाठी.

तिथली विक्रीची मुलगी आपल्या नांदुऱ्याचीच निघाली. स्टिअरिंगच्या दांड्याला विजेची मोटर असते, आपण नुसतं वळवायचं, जोर ती लावते, असं तिने समजावलं. आधी हे महागड्या गाड्यांतच यायचं, मग लहान गाड्यांच्या वरच्या मॉडेलात आलं, आता सगळ्यात स्वस्त गाडीतही असतं. नसलेली गाडी मिळेल का, मी मुद्दाम विचारलं. ती हसली. "तशी गाडी आता कोणी पाहूनही नाही राह्यलं, आजी. अन् बाया किती घेऊन राह्यल्या, पाहा ना." त्या क्षणी मला तुमचा चेहरा बघायचा होता. ज्या जोरावर तुम्ही जन्मभर मिशा पिळल्यात, तो आता कारखान्यात तयार होतो आणि कोणाच्याही हाती पडतो.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी कॉन्व्हेंटमधून मॅट्रिक होऊन घरी आले होते. आमच्या सिस्टर पायघोळ झगा सावरत स्वतः जीप चालवायच्या. त्यांच्या दवाखान्याची जीप अमडापूर, साखरखेर्ड्याकडच्या गावांत न्यायला त्यांना एक मुलगी हवी होती, आणि ती मी, असं त्यांनी ठरवलं होतं. शिकवणारही त्याच. तुमची परवानगी मागायला त्या घरी आल्या. त्यांच्या तोंडावर नाही म्हणायची तुमची हिंमत नव्हती. तुम्ही मला दारातल्या तुमच्या टॅक्सीत बसवता.

"फिरव."

गाडी सुरू न करता? मी विचारते.

"जागेवरच फिरव म्हणतो ना."

मी स्टिअरिंगला अक्षरशः लोंबकळते. ते बोटभर हलतं. तुम्ही सिस्टरांकडे वळता. "पाहा सिस्टर, पोरीच्या मनगटात जोर नाही. तिले काऊन ताप देता?" सिस्टर चहा अर्धा ठेवून उठल्या. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी कचेरीत टाइपरायटर बडवला.

नोकरीत असताना, तुमच्या नकळत, मी अकोल्याला ड्रायव्हिंग शिकले. पहिल्याच दिवशी मास्तर म्हणाले, उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवायचं नाही, गाडी थोडी सरकू द्यायची, ते आपोआप हलकं होतं. मला आपली टॅक्सी आठवली. तुमचा ड्रायव्हर उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवायचा, तेव्हा "टायर खाऊन राह्यला का बे" म्हणत तुम्ही त्याच्या अंगावर धावून जायचात. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. त्याला जे करू देत नव्हतात, तेच मला करायला लावलंत, आणि तेही सिस्टरांसमोर. त्याची माफी नाही. तुम्ही जिवंत असतात तरी नसती.

हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. तुमच्या डोळ्यांना दिसेनासं झालं होतं, मी रजेवर घरी आले होते. अकोल्याच्या डॉक्टरने त्या दिवशी बोलावलं होतं, टॅक्सी दारात होती आणि ड्रायव्हर आला नाही. आता कोण नेईल, असं तुम्ही विचारत राहिलात. एसटी आहे की, मी म्हणाले. आईचा हात धरून तुम्ही चाचपडत बसच्या पायऱ्या चढलात. बसायला जागा नव्हती. लायसन्स माझ्या पर्समध्ये होतं. बस सुटली, आणि मला बरं वाटलं.